नाव गैरहजर

टिपणीस अण्णांची जीभ जांभळी होती. जन्मापासून नव्हे, शाईच्या पेन्सिलीमुळे. ही पेन्सिल ओली केल्याशिवाय नीट उठत नाही. कचेरीत टेबलावर पाण्याची वाटी ठेवली तर कोणीतरी ती कागदांवर लवंडणारच, म्हणून अण्णा पेन्सिल सरळ जिभेवर टेकवत. अशी पंचवीस-तीस वर्षं टेकवली. ओठाच्या डाव्या कोपऱ्यात एक जांभळा ठिपका कायमचा मुक्कामाला आला होता. नवख्या माणसाला वाटे, अण्णा जांभळं खाऊन आलेत. मग भर माघात यांना जांभळं कुठे मिळाली, याचा तो बिचारा विचार करत बसे.

पण त्या पेन्सिलीने ते जे टिपत, ते त्याहून चमत्कारिक होतं. अण्णा बायकांची नावं विचारत. कोणत्याही बाईचं, कुठेही, पहिल्या भेटीत. त्या काळी डोंबिवलीत एवढ्यावरून माणसाला चोप बसू शकत होता.

माझी नि त्यांची पहिली गाठ आमच्याच दारात पडली. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. आम्ही मुंबईतली जागा सोडून डोंबिवलीला दोन खोल्यांत आलो होतो आणि मला लोकल बोर्डाच्या शाळेत नोकरी लागली होती. निम्मी भांडी अजून पोत्यातच होती. दारात एक उंच, वाळकुडा गृहस्थ येऊन उभा राहिला. अंगात काळा कोट, काखेत छत्री, हातात वही.

"मी टिपणीस. तुमच्या शेजारची खोली. तालुक्याच्या कचेरीत कारकून आहे. आपलं नाव?"

"मिसेस गुप्ते," मी जरा रुबाबात म्हणाले.

"मिसेस हा हुद्दा झाला. नाव?"

"शाळेत मला गुप्तेबाई म्हणतात."

"बाई हाही हुद्दाच. नाव हो, नाव."

"कमल," मी पुटपुटले. परक्या पुरुषाला नाव सांगताना मला उगाचच घाम फुटला.

"यजमानांचं?"

आता मी व्हर्नाक्युलर फायनल पास झालेली बाई. युरोपातल्या नद्या मला तोंडपाठ होत्या. पण नवऱ्याचं नाव काही जिभेवर येईना. "भुंग्याला म्हणतात ते," मी म्हणाले.

अण्णांनी शांतपणे पेन्सिल जिभेला लावली. "भ्रमर?"

"नाही."

"मिलिंद?"

"नाही."

"षट्पद?"

नवऱ्याला षट्पद म्हटलेलं मला सहन झालं नाही, पण खरं नावही सांगता येईना. शेवटी आतून आमच्या ह्यांचा आवाज आला, "मधुकर. मधुकर लिहा, आणि तिला आत सोडा. दूध उतू चाललंय."

ही नोंद कशासाठी होती? कशासाठीच नाही. शेजारी कोण राहतं ते लिहिलेलं बरं, एवढाच अण्णांचा हिशेब होता. आडनावाला जागणारी माणसं तशी कमी असतात. हा माणूस दिवसरात्र टिपत होता.

लग्नाची पत्रिका आली की अण्णा आधी तिच्यातल्या बायका मोजत. "सौ. व श्री. अमुकराव" असं छापलेलं दिसलं की 'सौ.'च्या पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून पत्रिका यजमानांना परत नेऊन देत. देवळाच्या फळ्यावर एकदा खडूने लिहिलं होतं, "नारायणरावांच्या मातोश्री वारल्या." संध्याकाळी पाहावं तर खाली जांभळ्या अक्षरांत, "नाव?" नारायणराव भडकले आणि काठी घेऊन आमच्या चाळीत आले. अण्णांनी त्यांना बसायला पाट दिला आणि विचारलं, "काय होतं हो त्यांचं नाव?" नारायणरावांनी काठी भिंतीला टेकवली आणि ते बराच वेळ आठवत राहिले. आठवलं, पण माहेरचं की सासरचं यावर त्यांचीच खात्री पटेना.

चाळीतल्या बायका त्यांना टरकून असत. नळावर कोणी "बंडूची आई" अशी हाक मारली की वरच्या गॅलरीतून उत्तर यायचं, "आई हा हुद्दा झाला." बंडूची आई एकदा चिडून म्हणाली, "असू दे की. तुम्हाला काय करायचंय?" त्यावर अण्णा म्हणाले, "बंडू काल जन्मला. त्याच्या नावावर तुम्ही कशाला राहता?"

मलाही हा माणूस पहिली काही वर्षं अर्धवटच वाटत होता. मग एक दिवस मी सरळ विचारलं, "अण्णा, तुम्हाला हे वेड लागलं कुठून?" ते गॅलरीत पेन्सिलीला टोक करत बसले होते. त्यांनी आधी टोक पुरं केलं.

"पहिल्या मोठ्या निवडणुकीची यादी मी केली होती, कमलबाई. खाडीकाठच्या गावांची. बायकांनी नावं सांगितली नाहीत. कोणी धोंडूची आई, कोणी लक्ष्मणची बायको. मीही तसंच लिहिलं. मला वाटलं, लिहिलं म्हणजे झालं. मग वरून हुकूम आला. स्वतःचं नाव नाही, ती नोंद खोडा. मी खोडली. फूटपट्टी ठेवून खोडली. माझी रेघ कधी वाकडी येत नाही." त्यांनी पेन्सिलीच्या टोकावर फुंकर मारली. "एक पान तर वरपासून खालपर्यंत गेलं. बायका मताला आल्या होत्या हो, नवी लुगडी नेसून. परत गेल्या."

त्यानंतर मी त्यांना अर्धवट म्हणायचं सोडलं. विक्षिप्त म्हणत होते, ते शेवटपर्यंत म्हणत राहिले.

पन्नासच्या दशकाच्या शेवटाकडे ग्रामपंचायतींचा नवा कायदा आला. महाराष्ट्र अजून व्हायचा होता, आपण मुंबई राज्यात होतो. अण्णांनी कायद्याचं पुस्तक मिळवलं, त्याला तपकिरी कागदाचं कव्हर घातलं आणि ते काखेत छत्रीच्या जोडीला आलं. त्यांना त्यातली एकच गोष्ट पुरेशी होती. पंचायतीत बायकांसाठी दोन जागा राखून ठेवल्या होत्या. "दिल्लीनं मत दिलं, मुंबईनं जागा दिली," ते भेटेल त्याला सांगत. "आता नाव तेवढं गावानं द्यायचं राहिलंय."

चिंचखार हे गाव त्यांच्या वाट्याला आलं, आणि यादीच्या कामाला मास्तर लोक जुंपले गेले त्यात माझा नंबर लागला. नंबर कसला, अण्णांनीच तो लावून घेतला होता. "मी ओटीपर्यंत जाऊ शकतो," ते म्हणाले. "नावं चुलीपाशी असतात."

डोंबिवलीहून खाडीकडे उतरलं की मिठागरं लागत, आणि त्यांच्या बांधावरून चालत गेलं की चिंचखार. वरच्या आळीत शेतीवाले, खालच्या आळीत मिठागरावर राबणारे. गोड्या पाण्याची विहीर एकच, तीही वरच्या आळीत. वरच्यांचं भरून होईपर्यंत खालच्या बायकांनी हंडे घेऊन उन्हात उभं राहायचं, हा रिवाज. कोणी कोणाला हाकलत नव्हतं, मारत नव्हतं. फक्त उभं राहायचं.

गावचे पुढारी दामू पाटील. गडी गोरागोमटा, हसरा, आणि आम्हाला बघून आणखी हसला. "अण्णा, बायकांचं काय एवढं? आमची आय आन आमची मंडळी, दोन नावं लिवा. दोन जागा भरल्या. चहा घ्या."

"आईचं नाव?" अण्णांनी पेन्सिल ओली केली.

पाटील हसायचे थांबले. "आय," ते म्हणाले.

"पाटील, सरकारनं गावचा कारभार गावाकडे दिलाय," अण्णा शांतपणे म्हणाले. "आता गाव म्हणजे कोण, ते लिहायला मी आलोय." चहा त्यांनी घेतला नाही. कामावर असताना ते कोणाच्या घरचं पाणीही घेत नसत.

बायकांना बोलतं करणं माझ्याकडे होतं, आणि पहिल्या दिवशी मी साफ नापास झाले. स्वतःचं नाव विचारलं की त्या एकमेकींकडे बघून हसत. नवऱ्याचं विचारलं की पदर तोंडात. अण्णा ओटीवरून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आतल्या बाजूला ओरडून सांगितलं, "नाव नका सांगू. उखाणा घ्या. उखाण्याला कायद्यात बंदी नाही."

आणि बांध फुटला. एकीने पदर सावरून म्हटलं,

"खाडीला आली भरती, बांधाला लागला पानी,
धर्माजीचा नाव घेते, मी मिठाची रानी."

मी "धर्माजी" लिहून घेतलं आणि विचारलं, "आणि मिठाच्या राणीचं नाव?" ती हसता हसता सांगून गेली. त्या दुपारी आमची जेमतेम अकरा नावं झाली, कारण प्रत्येकीला दोन-दोन उखाणे घ्यायचे होते आणि बाकीच्यांना प्रत्येकावर हसायचं होतं. एकीने विचारलं, "माहेरचा लिवू का सासरचा?" अण्णा ओटीवरून म्हणाले, "ज्या नावानं हाक मारली की तुम्ही मागे वळून बघाल, ते." त्यावर बायका विचारात पडल्या.

खालच्या आळीच्या टोकाला एक म्हातारी राहत होती. काळी, काटक, मिठागरात उभं राहून पायाच्या टाचा भेगाळलेल्या. मुलगा ठाकुर्लीला नोकरीला. मी नाव विचारलं, तर म्हणाली, "गनाची आय."

"आई हा हुद्दा झाला," बाहेरून आवाज आला.

म्हातारी दारात गेली आणि कमरेवर हात ठेवून अण्णांकडे बघत राहिली. "हुद्दा हाय? मंग खुर्ची कुठं हाय माजी?"

अण्णांना मी त्या दिवशी पहिल्यांदा हसताना पाहिलं. दातसुद्धा जांभळे होते. "खुर्ची आहे," ते म्हणाले. "पंचायतीत आहे. पण नावाशिवाय मिळत नाही."

"खरी?" म्हातारी उंबऱ्यावर बसली. "तितं बसून विहिरीचा बोलता येल? आमच्या आलीत विहीर पायजेल, असा?"

"त्याचसाठी आहे ती."

मग ती नाव आठवू लागली. मला वाटलं, चेष्टा करतेय. पण ती खरंच आठवत होती. "व्हता," ती म्हणाली. "नाव व्हता. कुठं गेला काय म्हाईत." सासू तिला 'वडवलीवाली' म्हणायची, नवरा 'आगो' म्हणायचा, आणि मग गणा झाला. बऱ्याच वेळाने तिचा चेहरा उजळला. "बापूस चंदरी बोलवायचा. चंद्रभागा." नवऱ्याचं नाव तिने न लाजता सांगितलं. "हरी. आता घेतला त चालंल. त्यो काय रागवाला येतंय?"

चंद्रभागा हरी भोईर. मी माझ्या हाताने लिहिलं, अण्णांनी खाली सही केली. दोन दिवसांत सगळ्या खालच्या आळीत झालं की चंद्रभागा भोईर बायकांच्या जागेवर उभी राहणार आणि विहिरीचं बोलणार.

पाटलांनी हरकत घेतली. हरकत मोठी नामी होती. त्यांनी लिहून दिलं की चंद्रभागा हरी भोईर नावाची बाई चिंचखार गावात राहत नाही, कधी राहिली नाही, आणि गावातल्या कोणीही हे नाव ऐकलेलं नाही. दहा जणांच्या सह्या होत्या, आणि वाईट हे की त्या दहाही जणांनी खरं तेच लिहिलं होतं.

सुनावणीच्या दिवशी आम्ही म्हातारीला घेऊन तालुक्याच्या गावी गेलो. अण्णा कागद घेऊन आत साहेबांच्या मागे उभे राहिले, कारण ते कचेरीचे नोकर. मी म्हातारीजवळ बाहेर बाकावर बसले. तिने डोक्यात अबोलीची वेणी घातली होती आणि ती मला मीठ कसं धरतं ते सांगत होती. पाणी कोंडीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, घ्यायचं, ऊन लागलं की वर साय धरते, तिला हात लावायचा नाही. मला गोष्ट ऐकायची भारी हौस. शिपाई दारात येऊन काहीतरी ओरडला. पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदा ओरडून आत गेला. म्हातारी म्हणाली, "कोनाला बोलवतंय काय म्हाईत," आणि पुन्हा मिठाकडे वळली.

थोड्या वेळाने अण्णा बाहेर आले. चेहरा पांढराफटक. हातातल्या कागदावर शेरा होता, 'तीन वेळा पुकारले. गैरहजर. नाव कमी करावे.'

शिपायाने "चंद्रभागा हरी भोईर" असंच पुकारलं होतं. तिला ऐकू आलं नाही, हे मी समजू शकते. चाळीस वर्षांत तिला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. पण ते नाव मी लिहिलं होतं. मला का ऐकू आलं नाही? कारण माझ्या बाजूला बसलेली बाई माझ्या लेखी गणाची आईच होती. यादीपुरती ती चंद्रभागा होती. स्वतःचा इतका राग मला पूर्वी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही.

म्हातारीला समजावून सांगितलं तेव्हा तिने अबोलीची वेणी काढून हातात घेतली. "म्हंजी मी हितं बसून नव्हते?" तिने विचारलं.

अण्णा बाकावर बसले, मांडीवर वही ठेवली, पेन्सिल ओली केली आणि फेरसुनावणीचा अर्ज तिथल्या तिथे लिहिला. 'कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'अर्जदार हजर होती. तिचे नाव गैरहजर होते. ते हजर करण्यास आठ दिवसांची मुदत मिळावी.' कचेरीच्या नोकराने असा अर्ज लिहिणं बसतं की नाही, मला माहीत नाही. ते आत गेले आणि आतून आधी साहेबांचा हसण्याचा आवाज आला, आणि मग अण्णा मुदत घेऊन बाहेर आले. साहेबांची अट एकच होती. ही बाई चंद्रभागाच आहे, असं तिला लहानपणापासून ओळखणाऱ्या कोणीतरी येऊन सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर अण्णा चिंचखारच्या बांधावर उभे होते, आणि शाळेच्या आधी त्यांच्या मागोमाग मी. कचेरीला जायच्या आधी चालत जायचे, चालत यायचे, आणि तिथे उभे राहून पुकारायचे. कचेरीतला शिपाई पुकारतो तसं, नाकात, ताणून. "चंद्रभागा हरी भोईर हाजीर हैऽऽ?" आणि म्हातारीने जिथे असेल तिथून उत्तर द्यायचं. पहिल्या दिवशी तीन हाकांनंतरही उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारणीने ढोसल्यावर आलं. तिसऱ्या दिवशी ती कोंडीत गुडघाभर पाण्यात होती, तिथून ओरडली, "हाय मी. बोंबलू नुको."

पण एकटीला पुकारून अण्णांचं समाधान होईल तर ते अण्णा कसले. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत घेतली. खालची आळी झाली की वरची आळी. घराघरांतून बायकांचे आवाज येऊ लागले. आधी दबके, मग खणखणीत. पुरुष दात घासता घासता ऐकत उभे राहायचे. एक जण मला म्हणाला, "बाई, माज्या बायकोचा नाव येवढा चांगला हाय, मना म्हाईतच नव्हता." त्याचं लग्न होऊन सतरा वर्षं झाली होती.

पाटलांच्या घरापाशी दार बंद असायचं. अण्णा तिथेही पुकारत. पाटलांच्या आईचं नाव त्यांनी कुठून मिळवलं, ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. "ठमाबाई बाळाराम पाटील हाजीर हैऽऽ?" दार बंद. दुसऱ्या दिवशी बंद. पाचव्या दिवशी दार उघडलं. जाडजूड, नाकात मोठी नथ घातलेली म्हातारी ओट्यावर आली आणि म्हणाली, "हाय. कवापासून ऐकतंय मी." मागून दामू पाटील म्हणाले, "आये, आत ये." ठमाबाई तिथेच उभी राहिली. "तू गप र," ती म्हणाली. "माजा पुकारा हाय."

मग तिने अण्णांना विचारलं, "ती चंदरी लढतंय म्हनं? माज्या गावची हाय ती. माज्या लग्नात माज्या पाठी उभी व्हती, कलवरी." दोघी वडवलीच्या. चाळीस वर्षं एकाच विहिरीवर पाणी भरलं. एकमेकींना ओळखत होत्याच, पण एक वरच्या आळीची आणि एक खालच्या, एक दामूची आई आणि एक गणाची आई. लहानपणच्या नावाने हाक मारायचं दोघींपैकी कोणाला जमलं नव्हतं.

फेरसुनावणीला ठमाबाई आमच्याबरोबर आली, मुलाने बैलगाडी दिली नाही म्हणून चालत आली. शिपायाने दारात येऊन पुकारायला तोंड उघडलं, आणि "चंद्र" एवढंच म्हणाला असेल नसेल, तोवर म्हातारी उठून त्याच्या बगलेखालून आत गेलीसुद्धा. साहेबांनी तिला बघितलं, मग साक्षीदाराकडे वळले.

"नाव?"

"ठमाबाई."

"पतीचं नाव?"

आणि ठमाबाई अडली. समोर साहेब, एका बाजूला मुलगा हरकतीचा कागद घेऊन, दुसऱ्या बाजूला अख्खी कचेरी. साहेबांनी पुन्हा विचारलं. अण्णांनी साहेबांच्या मागून माझ्याकडे बघितलं. त्यांना बोलायची परवानगी नव्हती. मी ठमाबाईच्या कानात सांगितलं, उखाणा घ्या. तिने नथ सावरली, डोळे मिटले, आणि खड्या आवाजात म्हणाली,

"सायबाच्या टेबलावर निली निली दौत,
बालारामाचा नाव घेते, हा सगला माजा गोत."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "लिहा," ते अण्णांना म्हणाले, "बाळाराम." मग ठमाबाईने चंद्रभागेचा दंड धरून तिला पुढे आणलं आणि म्हणाली, "ही चंद्रभागा. हिच्या आयसचा नाव सोनी, बापूस कान्हा. ही कोन नाय असा माजा पोरगा बोलतंय. पोरगा माजा हाय, पन त्याला म्हाईत नाय. मना हाय म्हाईत." दामू पाटलांनी हरकतीचा कागद हळूच घडी करून खिशात घातला. मला त्यांची थोडी दयाही आली.

नाव यादीत राहिलं. निवडणूक झाली. बायकांच्या दोन जागांवर एक ठमाबाई आली आणि एक चंद्रभागा, एक वरच्या आळीची, एक खालच्या. पहिल्या सभेची नोटीस अण्णा स्वतः द्यायला गेले, आणि मला बरोबर घेऊन गेले. चंद्रभागा मिठागरावरून नुकतीच आली होती. तिने पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. "आतला ऱ्हाव दे. वरचा वाच."

अण्णांनी पाकिटावरचं नाव वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग ती म्हणाली, "सगल्यांचा नाव घेतलास. तुजा काय र नाव?"

"टिपणीस."

"ता आडनाव झाला."

"वासुदेव सखाराम टिपणीस," अण्णांनी कचेरीत सांगावं तसं सांगितलं.

"येवढा मोठा माज्यानं नाय व्हायचा. आयस काय बोलवायची?"

अण्णांनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली. मी सहा-सात वर्षं त्यांची शेजारीण होते. सणावाराला ताट पाठवत होते. त्यांच्या घरी ना कोणाचं पत्र येत असे, ना कोणी पाहुणा. हे सगळं मला दिसत होतं, पण त्यांना विचारावं असं मला कधी सुचलं नाही. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणत होतो आणि त्यात सगळं आलं असं समजत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

"वासू," ते म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की मला नीट ऐकूही आलं नाही.

"हाय काय आयस?"

"नाही. फार वर्षं झाली."

"बाईल?"

"होती. लग्नानंतर वर्षात गेली."

"मंग आता वासू कोन बोलवतं?"

अण्णांनी वही उघडली, बंद केली.

"मी बोलवीन," चंद्रभागा म्हणाली आणि आत वळली. "वासू, बस. तांदलाची भाकर हाय. खाऊन जा." आणि कामावर असताना कोणाच्या घरचं पाणी न घेणारा तो माणूस छत्री कोपऱ्यात ठेवून मांडी घालून बसला. भाकरी सुकटीबरोबर खाल्ली, पुन्हा अर्धी मागून घेतली.

परत येताना ते नेहमीसारखे माझ्या दहा पावलं पुढे चालत होते. मिठागरांचा बांध संपला तिथे थांबले. मी जवळ येईपर्यंत मागे वळून चिंचखारकडे बघत उभे राहिले.

"कमलबाई, येत्या रविवारी तुम्हाला सवड आहे का?"

"आहे. का? यादीत काही राहिलं का?"

"नाही. यादी पुरी झाली." त्यांनी घसा साफ केला. "काम असं काही नाही. नुसतंच जाऊन यायचं."

मी येते म्हणाले.